टॅबवरचा धडा मोठ्या पडद्यावर, वायरशिवाय

टॅब हातात असला की शिक्षक फळ्यापाशी अडकून राहत नाही. शेवटच्या बाकाशी उभं राहून आकृतीवर खूण करता येते, एखाद्या मुलाच्या वहीचा फोटो काढून त्याचं उत्तर लगेच सगळ्या वर्गाला दाखवता येतं. हा फायदा खरंच मोठा आहे.

आधी प्रोजेक्टर किंवा टीव्ही वायरशिवाय चित्र घ्यायची कोणती पद्धत ओळखतो ते बघा. आयपॅडला एअरप्ले लागतं. मिराकास्ट त्यावर चालत नाही. अँड्रॉइड टॅबवर बहुतेक वेळा क्रोमकास्ट किंवा मिराकास्ट असतं. मिराकास्ट टॅबला थेट पडद्याशी जोडतं, त्यामुळे वर्गात वाय-फाय नसलं तरी चालतं. बाकी दोन्हींसाठी शक्यतो टॅब आणि पडदा एकाच वाय-फायवर ठेवा. तरीही पडद्याचं नाव यादीत दिसत नसेल, तर पाहुण्यांसाठीचं वाय-फाय जोडलेलं नाही ना, ते तपासा. अशा नेटवर्कवर बऱ्याचदा उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. नेटवर्क सांभाळणाऱ्यांना तेवढंच सांगा, पटकन समजेल.

वर्ग सुरू होण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू कराच. स्क्रीन मिररिंगमध्ये टॅबवरचं सगळं पडद्यावर जातं, घरून आलेला निरोपसुद्धा. व्हिडिओ आधीच डाउनलोड करून ठेवलेला बरा. पेनाने लिहिताना पडद्यावर अक्षरं किंचित उशिरा उमटतात, तेव्हा लिहिताना नजर टॅबवरच ठेवा. आणि बॅगेत एचडीएमआय केबल, टॅबला चालणाऱ्या अडॅप्टरसकट, असू द्या.