तिसऱ्या घंटेपासून मागे मोजत : नाशिकहून निघणाऱ्या नाट्यदौऱ्याची तयारी

दौऱ्याची यादी करायला बसताना कागदाच्या सर्वांत वर तिसऱ्या घंटेची, म्हणजे प्रयोग सुरू होण्याची, वेळ लिहावी आणि तेथून मागे मोजत यावे. नाट्यगृहे सत्रावर मिळतात, आणि दुपारच्या सत्रात दुसऱ्या संस्थेचा प्रयोग असेल तर त्यांचा सेट उतरेपर्यंत आपल्याला रंगमंचावर पाऊल ठेवता येत नाही. समजा जळगावला रात्री ९ वाजता प्रयोग आहे आणि रंगमंच सायंकाळी ७ वाजता मोकळा होणार आहे. पावणेनऊला प्रेक्षक आत घ्यायचे, साडेआठला प्रकाशाची शेवटची चाचणी संपवायची, म्हणजे सेट उभा करायला आणि दिवे रोखायला हातात मोजून दीड तास उरतो. नाशिक ते जळगाव अंतर साधारण २५० किलोमीटर असून भरलेल्या टेम्पोला वाटेतल्या थांब्यांसह सहा ते सात तास धरावे लागतात. टेम्पो ५ वाजता नाट्यगृहाच्या फाटकाशी उभा हवा असेल, तर तो सकाळी साडेनऊच्या आत आडगाव नाका ओलांडून गेलेला असावा, आणि त्यासाठी सामान आदल्या रात्रीच भरून झालेले असावे. यादीतली पुढची प्रत्येक बाब त्या दीड तासाला मदत करते की त्याच्या आड येते, एवढी एकच कसोटी लावावी.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते लवकर उरकते. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र, लेखकाचे परवानगीपत्र, नाट्यगृहाच्या तारखेचे पत्र व अनामत रकमेची पावती यांच्या प्रत्येकी दोन प्रती काढून एक संच टेम्पोत आणि दुसरा बसमध्ये ठेवावा, कारण दोन्ही वाहने एकाच वेळी पोहोचतील याचा भरवसा नसतो. स्थानिक परवानग्या कोणी घ्यायच्या, तिकीटविक्रीचा हिशेब प्रयोगाआधी मिळणार की नंतर, आणि मुक्कामाचा खर्च कोणाचा, या गोष्टी संयोजकाकडून लेखी घ्याव्यात. दूरध्वनीवरचे ‘होऊन जाईल’ हे उत्तर यादीत ‘झाले नाही’ असेच नोंदवावे.

त्यानंतर मोजमापे. आपल्या तालमी नाशिकच्या ‘कालिदास’ किंवा ‘साईखेडकर’ नाट्यगृहाच्या अंदाजाने बसलेल्या असतात, नटाच्या पावलांनाही त्याच रंगमंचाची सवय झालेली असते. परगावच्या नाट्यगृहाची दर्शनी रुंदी, खोली, विंगांमधली जागा, दिवे व पडदे टांगायच्या वरच्या बारची उंची, आणि सामान आत नेण्याच्या दाराची उंची व रुंदी, एवढी मापे किमान आठ दिवस आधी मागवावीत. यातले शेवटचे माप सर्वांत जास्त विसरले जाते. प्लायवूडचा पूर्ण तक्ता ८ फूट बाय ४ फुटांचा असतो आणि त्यावर बेतलेला फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा रंगवलेला तुकडा, बहुतेक दारांतून आत जातो. दहा फुटी फ्लॅट मात्र जिन्याच्या वळणावर अडतो आणि मग रात्री ७ वाजता करवत शोधावी लागते. मापे हाती आली की मोकळ्या पटांगणात चुन्याने ती चौकट आखून एक तालीम घ्यावी, म्हणजे प्रवेश आणि निर्गमनाला लागणारी पावले किती कमी-जास्त होतात ते नटांना शरीरानेच कळते.

टेम्पो भरणे हा या यादीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे माझे मत आहे, आणि तो कधीही भाड्याच्या हमालांवर सोपवू नये. जे रंगमंचावर सर्वांत आधी लागते ते टेम्पोत सर्वांत शेवटी चढवावे. आधी हातसामान आणि फर्निचर, मग कपडेपटाच्या पेट्या, मग दारे-खिडक्या, मग फ्लॅट उभे करून दोरीने बांधलेले, मग लेव्हल (रंगमंचावर उंची देणारे चौथरे), आणि दाराशी अगदी शेवटी दिव्यांच्या व वायरींच्या पेट्या आणि हत्यारांची पेटी. प्रत्येक फ्लॅटच्या मागे ठळक क्रमांक असावा आणि तोच क्रमांक नेपथ्याच्या आराखड्यावर असावा. नेपथ्यकार ऐनवेळी आजारी पडला तरी दुसऱ्या कोणालाही तो कागद पाहून सेट जोडता आला पाहिजे. रंगवलेल्या बाजू एकमेकींकडे तोंड करून ठेवाव्यात आणि मध्ये जुनी चादर घालावी. पावसाळ्यात एक ताडपत्री पुरत नाही. टेम्पोवर एक आणि फ्लॅटांवर आतून दुसरी घालावी, कारण इगतपुरीचा पाऊस वरून जितका येतो तितकाच बाजूंनीही येतो. टेम्पोही लवकर ठरवावा. जानेवारी ते एप्रिल हा आपल्याकडे द्राक्षांचा हंगाम असतो, आणि त्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या बागांकडे वळलेली वाहने नाटकाच्या भाड्यासाठी फारशी उत्सुक नसतात.

या भागात माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. धुळ्याच्या एका प्रयोगाला सगळे फ्लॅट, सगळ्या लेव्हल, अगदी फुलदाणीतली कागदी फुलेसुद्धा पोहोचली, पण फ्लॅट एकमेकांना जोडणारे बोल्ट असलेली पिशवी नाशिकच्या तालमीच्या जागी खिडकीत राहिली. ती मी ‘हाताशी असावी’ म्हणून वेगळी काढून ठेवली होती. रविवार असल्याने दुकाने बंद होती. सुतळी, खिळे आणि दोन नवशिक्या कलाकारांची पाठ यांच्या आधारावर पहिला अंक उभा राहिला. दरवाजा जोरात आपटण्याचा प्रसंग त्या दिवशी नायिकेने दरवाजा हळूच लोटून केला, आणि दुसऱ्या दिवशी एका प्रेक्षकाने त्या संयत अभिनयाचे कौतुक केले. तेव्हापासून बोल्टची पिशवी पहिल्या फ्लॅटच्या मागे स्क्रूने पक्की केलेली असते आणि सुट्या वस्तूला वेगळी जागा दिली जात नाही.

प्रकाशयोजनेच्या पेटीत दिव्यांइतकाच विजेचा हिशेब असावा. १००० वॉटचा एक दिवा २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर वीज ओढतो, म्हणून १५ अँपिअरच्या एका जोडणीवर असे तीनच दिवे लावावेत आणि चौथ्याचा मोह टाळावा. नाट्यगृहात दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर किती वाहिन्यांचा आहे, जनरेटर आहे का, आणि तो सुरू व्हायला किती वेळ लागतो, हे आधी विचारावे. जादा फ्यूज, दिव्यांपुढे लावायचे रंगीत जेल पेपर, चिकटपट्टी, टेस्टर, हातमोजे आणि दोन विजेऱ्या पेटीतच असाव्यात. उदबत्ती, निरांजन किंवा सिगारेट असलेल्या प्रवेशासाठी विंगेत वाळूची बादली व अग्निशामक नळकांडे ठेवून तिथे एक माणूस नेमावा. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झाले. लाकूड, कापड आणि रंग यांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांनी ती रात्र यादी करताना आठवावी. ध्वनीच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर संगीताच्या दोन पेन ड्राइव्ह दोन वेगळ्या माणसांच्या खिशात असाव्यात आणि तिसरी प्रत लॅपटॉपमध्ये असावी.

कपडेपटाची अडचण सलग प्रयोगांच्या वेळी कळते. आज जळगाव आणि उद्या धुळे असेल, तर घामाने भिजलेला अंगरखा एका रात्रीत वाळत नाही. म्हणून मुख्य भूमिकांच्या अंगालगतच्या कपड्यांचा दुसरा संच करणे परवडत नसले तरी करावे. सुईदोरा, सेफ्टी पिना, इस्त्री, लांब वायर आणि कपडे टांगायची काठी या वस्तू प्रत्येक खेपेला न्याव्यात. खानदेशातल्या मे महिन्यात दाढी-मिशांचा डिंक धरत नाही आणि रंग ओघळतो, त्यामुळे रंगभूषेची पेटी टेम्पोत न ठेवता बसमध्ये, सावलीच्या बाजूला ठेवावी.

आता माणसे. मुंबईच्या प्रयोगासाठी बस काढताना ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा खुला झाल्याने कसाऱ्याचा घाट टाळता येतो. पण वाचलेला वेळ भिवंडी-ठाण्याच्या कोंडीत खर्च होऊ शकतो, म्हणून तो हिशेबात धरू नये. पुण्याकडे जाताना चाकणसाठी वेगळा एक तास राखावा. प्रत्येकाला निघण्याची वेळ अर्धा तास अलीकडची सांगण्याची जुनी युक्ती आता कोणालाच फसवत नाही, तेव्हा खरी वेळ सांगून बस त्या वेळी हलवणे अधिक उपयोगी ठरते. सकाळी निघताना मिसळ खाण्याचा आग्रह होतोच. नाशिककर मंडळींना तो मोडवत नाही, परंतु प्रयोगाच्या दिवशी गळ्याला आणि पोटाला वरण-भातच मानवतो हे दिग्दर्शकाने ठामपणे सांगावे. कोमट पाण्याचा थर्मास, खडीसाखर, ज्येष्ठमध, जलसंजीवनीची पाकिटे आणि ज्याची-त्याची नेहमीची औषधे नावानिशी नोंदवावीत. संहितेच्या खुणा केलेल्या दोन प्रती असाव्यात, आणि प्रत्येक छोट्या भूमिकेपुढे ती निभावू शकेल अशा दुसऱ्या माणसाचे नाव आधीच लिहिलेले असावे.

परतीची तयारीही निघण्याआधीच करावी लागते. पडदा पडल्यावर सगळ्यांना भेटीगाठींचे आणि जेवणाचे वेध लागतात, तेवढ्यात हातसामानातला चष्मा, तांब्या, टपालाचे पाकीट असे काही ना काही मागे राहते. हातसामानाची वस्तूवार यादी पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवावी आणि कुलूप लावण्यापूर्वी दोघांनी मिळून ती मोठ्याने वाचावी. टेम्पोचालकाला दुपारी झोपायला जागा द्यावी, त्याचे जेवण नटांच्या आधी व्हावे, आणि त्याने पुरेशी झोप घेतलेली नसेल तर रात्री न निघता पहाटे निघावे, मग मुक्कामाचा खर्च कितीही होवो. नाशिकला पोहोचल्यावर ओले कापड आणि ताडपत्री त्याच दिवशी पसरावी, मोडलेली वस्तू त्याच दिवशी सुताराकडे द्यावी, आणि फ्लॅट भिंतीशी लावण्यापूर्वी पहिल्या फ्लॅटच्या मागची पिशवी उघडून बोल्ट मोजावेत. ते चोवीस भरले पाहिजेत.