उद्यानातील खेळांतून शेजारीपाजारी जोडावेत कसे?

सार्वजनिक उद्यानात रोज तीच माणसे त्याच वेळी येतात, एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात आणि तरीही वर्षानुवर्षे बोलत नाहीत. फिरायला येणाऱ्यांची वाट वेगळी, ज्येष्ठांचा बाक वेगळा, मुलांची घसरगुंडी वेगळी. ही अदृश्य कुंपणे ओलांडायला खेळासारखे सोपे निमित्त नाही. मात्र तो विचारपूर्वक बेतावा लागतो, कारण नुसती चुरस पेटवणारा खेळ माणसांमध्ये तट पाडतो.

याचे एक बोलके उदाहरण आहे. १९५४ मध्ये मुझफर शेरिफ या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, साधारण अकरा वर्षे वयाच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांना एका शिबिरात ठेवले. बक्षिसांसाठी सामने सुरू होताच शिवीगाळ, झेंडे जाळणे आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी असे प्रकार घडले. पुढे दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवूनही भागले नाही. पाणीपुरवठा बंद पडणे, ट्रक अडकणे अशा अडचणी त्यांना मिळून सोडवाव्या लागल्या, तेव्हा वैर निवळत गेले. तो ट्रक ओढायला मुलांनी रस्सीखेचीचाच दोर वापरला होता. मुलांना अंधारात ठेवून केलेल्या या प्रयोगावर नंतर टीका झाली आणि ती रास्तच होती, पण संयोजकाने त्या दोराची आठवण ठेवावी.

सुरुवात निरीक्षणाने करावी. किमान एक आठवडा सकाळी आणि संध्याकाळी, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशी उद्यानात बसून कोण कुठे थांबते, कोण लगेच निघून जाते, हे टिपून ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोण येतच नाही, याची चौकशी करावी. किशोरवयीन मुली, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती किंवा परिसरात नव्याने राहायला आलेली कुटुंबे दिसत नसतील, तर कारण बहुधा साधे निघते: अपुरा उजेड, बंद स्वच्छतागृह, अडचणीची पायरी किंवा गैरसोयीची वेळ. त्यानंतर उद्यानाची देखभाल करणाऱ्या यंत्रणेची लेखी परवानगी घ्यावी आणि आवाजाची मर्यादा व साहित्य ठेवण्याची जागा तेव्हाच ठरवून घ्यावी.

खेळाची जागा मैदानाच्या मधोमध नसावी. फिरण्याच्या वाटेलगत, सावलीत आणि बाकांच्या जवळ खेळ मांडला, तर जाणारा-येणारा आपसूक रेंगाळतो, पाहतो आणि शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलू लागतो. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील चौकांचे चित्रीकरण करून सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी नेमके हेच नोंदवले होते: दोन अनोळखी माणसांना समोर पाहण्यासारखे काही मिळाले की संभाषण सुरू होते. त्यामुळे प्रेक्षकांनाही खेळाचाच भाग मानावे आणि खेळाडूंच्या रिंगणाची एक बाजू मोकळी ठेवावी.

खेळाची निवड हा सर्वांत कळीचा टप्पा आहे. खेळ एका मिनिटात समजावा, त्यात मध्येच शिरता आणि मध्येच बाहेर पडता यावे, आणि आठ वर्षांच्या मुलीला सत्तरीतल्या आजोबांबरोबर एकाच संघात खेळता यावे. मोठ्या सोंगट्यांचे बुद्धिबळ, लांब दोरीवरच्या उड्या, सर्वांनी कडा धरून उंचावायचे रंगीत पॅराशूट हे खेळ या कसोटीला उतरतात. फ्रान्समधला पेटांक तर यासाठीच जन्माला आल्यासारखा वाटतो. जमिनीवरच्या छोट्याशा वर्तुळात उभे राहून, सहा ते दहा मीटर अंतरावरच्या लाकडी गोटीच्या जास्तीत जास्त जवळ पोलादी चेंडू टाकायचा आणि १३ गुण करणारा संघ जिंकला. दोन चेंडू जवळपास सारख्याच अंतरावर पडले की मोजपट्टी निघते, दोन्ही संघांची डोकी त्या गोटीवर वाकतात आणि मघापर्यंत परके असलेले लोक मिलिमीटरवरून हुज्जत घालू लागतात. ही मोजपट्टी कडेला नुसत्या उभ्या असलेल्या माणसाच्या हाती द्यावी. ‘खेळायला या’ म्हटल्यावर मागे सरणारा माणूस ‘जरा मोजता का?’ म्हटल्यावर पुढे येतो.

लहान मुलांच्या खेळात ‘कच्चे लिंबू’ असते. त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळात असते. मुलांपुरती ही सोय फार शहाणपणाची आहे; मोठ्या माणसाला मात्र तसे वागवले तर त्याचा अपमान होतो. त्याच्यासाठी सूट देण्यापेक्षा नियमच बदलावा. पेटांकची जन्मकथा अशीच सांगतात: संधिवातामुळे एका खेळाडूला धावत येऊन चेंडू टाकणे जमेना, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी सर्वांनीच पाय रोवून टाकायचे ठरवले. बोशिया हा मऊ चेंडूंचा खेळ बसून खेळला जातो, ज्यांना हाताने चेंडू फेकता येत नाही ते उतरत्या पन्हळीवरून तो सोडतात, आणि १९८४ पासून तो पॅरालिंपिकमध्ये आहे. बसलेल्यांच्या बरोबरीने इतरांनीही बसूनच खेळावे.

संघ पाडताना कर्णधारांना भिडू निवडायला सांगू नये, कारण शेवटी उरलेल्या मुलाचा चेहरा पाहवत नाही. एक-दोन, एक-दोन असे मोजून किंवा जन्ममहिन्यावरून संघ पाडावेत आणि प्रत्येक डावानंतर ते मोडून नवे करावेत, म्हणजे कुटुंबे आणि मित्रांचे कंपू आपोआप विखुरतात. पहिल्या काही आठवड्यांत बक्षिसे ठेवू नयेत. पकडापकडीचे नियमही घरागणिक वेगळे असतात, तेव्हा भोज्या कुठे आणि बाद कधी, हे खेळणाऱ्यांनाच ठरवू द्यावे.

दर दहा-बारा खेळाडूंमागे एक यजमान असावा आणि त्याने खेळापेक्षा कडेकडे अधिक लक्ष द्यावे. प्रथमोपचार पेटी, पिण्याचे पाणी आणि काचा-खडे वेचलेली जमीन या गोष्टींत तडजोड नको. रस्सीखेचीत दोर हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू देऊ नये. बोटांना गंभीर इजा होते.

वार, वेळ आणि जागा बदलू नये. चार माणसे आली तरी ठरल्या वेळी खेळ सुरू करावा आणि लोकांचा हुरूप टिकून असतानाच तासाभरात थांबवावा. साहित्य मोजून पेटीत भरण्याचे काम यजमानांनी उरकून टाकू नये. त्यासाठी मुद्दाम हाका माराव्यात, कारण खरी नावगावाची विचारपूस दोर गुंडाळतानाच होते. दोन-तीन महिन्यांत कोण न बोलावता लवकर येते, हे कळू लागते. पेटीची किल्ली अशा दोघांकडे सोपवावी, आणि ते दोघे शक्यतो एकाच घरातले, एकाच वयाचे किंवा एकाच बाकावरचे नसावेत.