इंजेक्शनची जुनी स्पोर्ट्स कार पेट्रोल पितेय? पार्ट मागवायच्या आधी मल्टिमीटर काढा

मित्राकडे 1990 ची माझदा एमएक्स-5 आहे, 1.6 वाली, साताऱ्यात घरासमोर पत्र्याच्या शेडखाली उभी असते. यंदाचा पावसाळा संपला आणि ती पेट्रोल प्यायला लागली, लिटरला 12 देणारी गाडी 7 वर आली, सायलेन्सर आतून काळाकुट्ट आणि मागं उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. मेकॅनिकने स्पार्क प्लग बदलले, फरक शून्य, मग म्हणला "दादा ऑक्सिजन सेन्सर गेलाय, मागवून टाका". म्हणलं थांब जरा, आधी मोजू. एका रविवारी जे केलं ते सांगतो, त्या काळातल्या बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांना हीच पद्धत चालेल, फक्त आकडे आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

पहिलं, मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) खरंच रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, आहे का ते बघा. प्लगवर कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओलं चिकट असेल तर बहुतेक ऑइल, तो वेगळा विषय. चारही प्लग सारखेच काळे तर दोष सगळ्यांच्या सामाईक गोष्टीत आहे, एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर किंवा स्पार्क तपासा. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येतोय आणि लेव्हल वाढलीय तर गाडी चालवूच नका, ऑइल पातळ झालंय, बेअरिंग जातील. आणि हो, सगळ्याचं खापर ई-20 वर फोडू नका राव, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यानं मिक्श्चर उलट लीनकडे, म्हणजे पेट्रोल कमी असण्याकडे जातं.

मग सोप्या गोष्टी. एअर फिल्टर. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्युम पाइप काढून हुंगा, आत पेट्रोल ओलं दिसलं तर डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, फाटलाय, तिथूनच पेट्रोल थेट इंजिनात ओढलं जातंय. हवा मोजणाऱ्या मीटरची झडप बोटाने हळू ढकला, अडकता कामा नये. पण त्याचं काळं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगचं चाक फिरवू नका, बरेच जण फिरवतात, आणि मग मूळ सेटिंग काय होतं ते कुणालाच आठवत नाही.

ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी त्याचं व्होल्टेज बघा. इंजिन चांगलं तापवून 2500 आरपीएमला धरलं की ते 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सारखं खालीवर व्हायला हवं. आमचं 0.85 ला चिकटलेलं, म्हणजे सेन्सर बिचारा खरंच सांगत होता की मिक्श्चर रिच आहे, फक्त इसीयु (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) ऐकत नव्हता. उलट प्लग काळे असून व्होल्टेज 0.1 लाच बसलं असेल तर सेन्सरवर किंवा त्याच्या आधी कुठं एक्झॉस्ट लीक आहे का त्यावर संशय घ्या, बाहेरची हवा आत आली की इसीयुला वाटतं मिक्श्चर लीन आहे आणि तो अजून पेट्रोल ओततो.

आता इसीयु का ऐकत नव्हता? कासवरून घाट उतरून आलो तेव्हाच खरं तर कळायला पाहिजे होतं, इंजिन मस्त तापलेलं आणि आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाचे आरपीएम, 1200 वर, जे 850 च्या आसपास हवं. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक ओढून ठेवल्यासारखं. म्हणजे इसीयुला इंजिन थंडच वाटतंय, आणि थंड इंजिनात तो ऑक्सिजन सेन्सरकडे बघतच नाही. डॅशबोर्डचा टेंपरेचरचा काटा बरोबर दाखवतो म्हणून फसू नका, काट्याचा सेन्सर वेगळा, एका वायरचा, इसीयुचा वेगळा, दोन वायरचा.

इसीयुला इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या त्या कूलंट सेन्सरचा वायरीचा प्लग काढून ओहम मोजा. 20 डिग्रीला 2.2 ते 2.7 किलोओहम, 80 ला साधारण 300 ओहम. आमचा गरम असताना 310! सेन्सर एकदम ठणठणीत, आम्ही दोघं तोंड पाडून बसलो. मग बॅटरीची निगेटिव्ह काढून, सेन्सरचा प्लग परत लावून, इसीयुच्या कनेक्टरपाशी त्याच दोन वायरींवर मोजलं तर 1900 ओहम. म्हणजे मधल्या वायरिंगमध्येच दीड हजाराची भर, आणि इसीयुच्या हिशेबात इंजिन कायम सकाळचंच. सेन्सरच्या प्लगमध्ये टॉर्च मारून बघितलं तर पिना हिरव्यागार, शेडमधून गळणारं पाणी बरोबर तिथंच. इसीयुनं बिघाडाचा कोड का दिला नाही? सर्किट तुटलं किंवा शॉर्ट झालं तरच 09 नंबरचा कोड येतो, 1900 हे त्याच्या दृष्टीनं थंड इंजिनाचं नॉर्मल रीडिंग.

कॉन्टॅक्ट क्लीनरने पिना घासल्या, रीडिंग 330 वर आलं, पुढच्या आठवड्यात पिनाच बदलल्या. आयडल लगेच खाली बसलं, ऑक्सिजन सेन्सर नाचायला लागला. ऑइल आणि फिल्टर मात्र बदलून टाकले, पेट्रोल मिसळलेलं होतं. शेडचा पत्रा अजून गळतोच, तिथं आता सेन्सरच्या प्लगवर ग्रीस आणि वरून रबरी टोपी.