बंदीच्या महिन्यांसाठी सुक्या बोंबलांची पाकिटं

मुंबईच्या कोळीवाड्यांत जोडधंद्याचा विषय निघाला की पर्यटकांना बोटीची फेरी, घरगुती जेवण, खेकडापालन अशी नावं पुढे येतात. धंदे चांगले आहेत, पण भांडवल आणि परवानग्या मागतात. वर्सोवा, मढ, गोराईला वलांडी, म्हणजे मासळी सुकत घालायची बांबूची मांडणी, मात्र आधीच उभी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना घरात पैसा यायचा असेल, तर सुके बोंबील व्यापारी देईल त्या दराने न देता स्वतः पाकिटात भरून विकणं ही आमच्या मते पहिली पायरी.

आधी हिशेब मांडा. बोंबलात बहुतेक पाणीच असतं. दहा किलो ओल्या बोंबलांचे सुके जेमतेम सव्वा ते दीड किलो भरतात. ओला माल ६० रुपये किलोने पडला असं धरलं, तर सुक्या किलोत ४०० ते ४८० रुपयांची नुसती मासळीच गेली. त्यावर पाकीट, डोकी-शेपट्या कापल्यावरची घट आणि घरच्या बायकांची मजुरी. ही मजुरी हिशेबात धरतच नाहीत, आणि तिथेच धंदा फायद्यात असल्याचा भास होतो.

सुकवायला दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. माल त्याच दिवशीचा हवा. शिळा बोंबील सुकला तरी वास जात नाही. पोट साफ करून गोड्या पाण्यात धुवा, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाका. मध्ये बोटभर जागा सोडा. चिकटलेल्या जागी पाणी राहतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. माश्या अंडी घालतात ती बहुधा पहिल्या दिवशी, माल ओला असताना, म्हणून तेव्हा बारीक जाळी लावाच. कीटकनाशक कधीही मारू नका. बोंबलाला मीठ लागत नाही. बांगडा खारवायचा असेल तर तीन-चार किलो मासळीला एक किलो मीठ घ्या.

तीन-चार दिवसांनी पाठीचा जाड भाग वाकवून पाहा. कट्‌कन तुटला तर झाला, लवला तर अजून ऊन द्या. डोळ्यांवर भरवसा नको. चार-पाच बोंबलांवर खूण करून रोज वजन करा, दोन दिवस वजन उतरलं नाही की माल काढा.

उन्हातून काढलेला गरम माल लगेच भरला तर पाकिटाला आतून घाम येतो आणि आठवड्याभरात पांढरी बुरशी दिसते. सावलीत पूर्ण थंड होऊ द्या, पण रात्रभर उघडा ठेवू नका. डोकं, शेपूट, पर कात्रीने कापा. बोंबलाचे दात आणि टोकं व्हॅक्यूम पाकिटाला सुईसारखी भोकं पाडतात, हवा शिरते आणि सगळी मेहनत वाया जाते. जवळा असेल तर आधी चाळून रेती काढा.

विक्रीआधी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या. तिचा १४ अंकी क्रमांक, वजन, किंमत, बॅच, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरावं, पत्ता आणि तपकिरी त्रिकोणाचं मांसाहारी चिन्ह पाकिटावर हवं. सोलर ड्रायर किंवा सीलिंग मशीन घ्यायचं असेल तर मत्स्यव्यवसाय कार्यालयात प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेची चौकशी करा. तिच्यात महिलांना ६० टक्के, सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे. अनुदान बहुधा खर्चानंतर हाती पडतं, तेव्हा त्याच्या भरवशावर सावकाराचे पैसे उचलू नका. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थानात प्रशिक्षणाबद्दल विचारा.

एप्रिल-मे हा बेगमीचा काळ, तेव्हा अर्धा-एक किलोची पाकिटं जातात. जून-जुलैत ताजी मासळी महागते, तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर १०० ग्रॅमची पाकिटं चालतात. गटारीपर्यंत माल संपवायचा बेत ठेवा, कारण श्रावणात गिऱ्हाईक थांबतं. उरलेला माल घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवा, दर पंधरवड्याला उघडून भुंगे लागलेत का पाहा, आणि नव्या हंगामाच्या मालात तो मिसळू नका.