हायड्रोजनवर अंघोळीचे पाणी तापवण्याआधी

छतावरील सौर पॅनेलच्या जादा विजेतून हायड्रोजन तयार करून त्यावर गीझर चालवण्याचा विचार असेल, तर यंत्राची चौकशी करण्याआधी कागदावर हिशोब मांडावा. १०० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यासाठी सुमारे २.९ युनिट उष्णता लागते आणि विजेचा साधा गीझर तेवढे काम जेमतेम तीन-सव्वातीन युनिटांत करतो. याउलट, पाण्याच्या विद्युत विघटनातून १ किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते, आणि तो जाळल्यावर, वाफेबरोबर निसटणारी उष्णता वगळता, ३३ युनिटच उरतात. बर्नरमधील घट धरली, तर त्याच १०० लिटरांना पाच-सहा युनिट वीज पडते.

तरीही प्रयोग करायचाच असेल, तर घरातील एलपीजी गीझरला हायड्रोजनची नळी कधीही जोडू नये, कारण हायड्रोजनची ज्योत फार वेगाने धावते आणि दुसऱ्या वायूसाठी घडवलेल्या बर्नरमधून ती मागे नळीत शिरू शकते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच नळीतून देणारे संच तर घरात आणूच नयेत. त्या नळीत स्फोटक मिश्रण आयतेच तयार असते.

एलपीजी गळला की वास येतो आणि तो जमिनीलगत साचतो. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही, आणि हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका असल्याने तो छताखाली जमतो. म्हणून झरोका आणि हायड्रोजन ओळखणारा सेन्सर छताला लागूनच हवेत. हवेत ४ ते ७५ टक्के प्रमाणात तो पेट घेतो आणि त्याला दिव्याच्या बटणातील ठिणगीही पुरते. त्याच्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड होत नाही, ही मोठी जमेची बाजू आहे, कारण बंद न्हाणीघरातील गॅस गीझरने आपल्याकडे अनेकांचे जीव घेतले आहेत. मात्र खोलीतला ऑक्सिजन हायड्रोजनही संपवतो, त्यामुळे असा गीझर घराबाहेरच बसवावा.

सुरतजवळ कवास येथे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळला जाऊ लागला, पण घनफळाने ५ टक्के मिश्रणातून उष्णतेचा जेमतेम दीड टक्काच वाटा मिळतो. इंग्लंडमधील व्हिटबी आणि रेडकार येथील घरांसाठी आखलेले शुद्ध हायड्रोजनचे प्रयोग २०२३ मध्येच रद्द झाले.

दुपारची जादा वीज वापरायची असेल, तर चांगले उष्णतारोधक आवरण असलेल्या टाकीच्या गीझरला टायमर लावून ११ ते ३ या वेळेत पाणी तापवून ठेवावे.