पिल्ग्रिमेज ऑफ ग्रेस: कारणं आणि पाठिंब्याचं उत्तर कसं बांधायचं

राजा आठव्या हेन्रीच्या कारभाराविरुद्धच्या 1536 च्या या इंग्लिश उठावावर प्रश्न आला की ‘धार्मिक की आर्थिक’ या कुस्तीतच उत्तर अडकतं. तिथे शिरूच नका. तक्रार कोणाची, कुठली आणि कशाबद्दल, एवढं आधी लावा.

कागदाच्या डाव्या कडेला तारखा घ्या. 1 ऑक्टोबर 1536, रविवार: लिंकनशरमधलं लाऊथ. दोन आठवड्यांत हे बंड विरलं. तोवर यॉर्कशर पेटलं होतं. तिथल्या बंडाचा म्होरक्या, वकील रॉबर्ट आस्क 16 ऑक्टोबरला यॉर्कमध्ये शिरला. महिनाअखेर डॉनकास्टरपाशी सुमारे 30,000 माणसं उभी होती आणि समोर राजाच्या बाजूने आलेल्या नॉरफोकच्या ड्यूककडे फौज बरीच कमी. दोन्ही उठाव एक करून लिहिले तर यॉर्कशर का टिकलं हेच सांगता येत नाही. 1549 चं डेव्हन-कॉर्नवॉलचं प्रार्थनापुस्तकाविरुद्धचं बंडही यात मिसळू नका. ते आठव्या हेन्रीच्या मुलाच्या राज्यातलं.

आता कारणं. लिंकनशरमध्ये एकाच वेळी तीन सरकारी पथकं फिरत होती: छोटे मठ बंद करणारं, कर वसूल करणारं आणि पाद्र्यांची चौकशी करणारं. त्यातून अफवा उठल्या, की आता चर्चची चांदीची भांडी नेणार, बाप्तिस्मा-लग्न-दफनावर कर बसणार. अफवा खोटी निघाली म्हणून उत्तरातून गाळू नका. लाऊथचे लोक चर्चच्या भांड्यांवर पहारा ठेवूनच उठले. सरकारी पथक गावात आलं की काय होतं, हे खान्देशाला नवं नाही: 1852 मध्ये सावद्याच्या बाजूला जमीन मोजणीविरुद्ध लोक असेच जमले होते.

सणांचा मुद्दा बहुतेक जण एका ओळीत उरकतात. तो मोठा आहे. 1536 च्या आदेशाने सुगीच्या काळातले, म्हणजे 1 जुलै ते 29 सप्टेंबरमधले, बहुतेक संतांचे सण रद्द झाले. आपल्याकडे एरवी याच तीन महिन्यांत कानबाई आणि पोळा येतात. ते कामाचे दिवस ठरवले तर गाव काय म्हणेल, याचा अंदाज घ्या. वेस्टमोरलंडमधल्या कर्कबी स्टीफन या गावी पाद्र्याने संत ल्यूकचा सण जाहीर केला नाही, तेवढ्यावर लोक भडकले.

वर्षाला 200 पौंडांपेक्षा कमी उत्पन्नाचे मठ बंद करण्याचा कायदा त्याच वर्षीचा. मठ म्हणजे फक्त प्रार्थना नव्हे. उत्तरेत ते भिक्षा देत, वाटसरूला मुक्काम देत, कुळांचे जमीनदारही असत. ‘मठ बुडाले’ ही तक्रार म्हणूनच एकाच वेळी धर्माची आणि पोटाची.

पाठिंबा लिहिताना प्रदेश वेगळे काढा. कंबरलंड-वेस्टमोरलंडकडे कुळाने जमीन घेताना भरायची रक्कम आणि कुंपणं घालून बळकावलेली जमीन हा राग ठळक. सरदार-जमीनदारांना ‘यूजेस’च्या (जमीन विश्वस्तांच्या नावे ठेवण्याच्या पद्धतीच्या) कायद्याने वारशाची जमीन पूर्वीसारखी वाटता येईना, आणि हेन्रीचा थॉमस क्रॉमवेलसारखा सामान्य घरातला मंत्री डोळ्यांत खुपत होता. डिसेंबरमध्ये पाँटफ्रॅक्टला तयार झालेल्या 24 मागण्यांत हे सगळं शेजारी शेजारी बसलं आहे. या वेगवेगळ्या लोकांची बांधणी केली ती शपथेने आणि ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या झेंड्याने, म्हणून शपथेला वेगळा परिच्छेद द्याच.

इथे एक फसवी जागा आहे. ‘आम्हाला जमावाने जबरदस्तीने नेलं’ असं बरेच जमीनदार नंतर सांगतात. ते जबाब 1537 च्या चौकशीतले. मान वाचवण्यासाठी माणूस दुसरं काय बोलणार? पाँटफ्रॅक्टचा किल्ला बंडखोरांच्या हाती देणारा लॉर्ड डार्सीही शिरच्छेदातून सुटला नाही. जबाब वापरा, पण तो कधी आणि कोणापुढे दिला, हे सोबत लिहा.

शेवट लांबवू नका. माफी आणि संसदेच्या आश्वासनावर जमाव पांगला, जानेवारी 1537 मध्ये बिगॉड नावाच्या जमीनदाराच्या नव्या बंडाने हेन्रीला शिक्षा करायला निमित्त मिळालं, जुलैमध्ये आस्कला यॉर्कला फाशी झाली. प्रश्न कारणांचा असेल तर याला दोन ओळी पुरेत.