सोसायटीत साथ आली की या चुका टाळा

सोसायटीत जुलाब-उलट्यांची साथ आली की पहिला संशय आचाऱ्यावर जातो आणि तपास तिथेच संपतो. जनआरोग्याचं काम शिकायला आमच्याकडे येणारी मुलंही हेच करतात. फक्त आजाऱ्यांना विचारायचं, धडधाकट माणसांचं दार वाजवायचंच नाही. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच.

सिंहगड रस्त्याकडच्या एका सोसायटीत गणपतीच्या महाप्रसादानंतर घरोघरी जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत मुलं यादी घेऊन हजर. "मॅडम, जवळजवळ प्रत्येक पेशंटनं बासुंदी खाल्लीय." मी विचारलं, जे आजारी पडले नाहीत त्यांच्यापैकी किती जणांनी खाल्ली? सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर परत पाठवलं, तेव्हा कळलं की बासुंदी बऱ्या माणसांनीही तितकीच खाल्ली होती. उलट अंथरुणाला खिळलेल्या एका आजींनी प्रसादाचा कणही घेतला नव्हता, तरी त्या आजारी होत्या. शिवाय आठवडाभर रोज नवे पेशंट येतच होते. एकाच जेवणातून बाधा झाली तर पेशंट एकदम वाढतात आणि लवकर ओसरतात. रोज थोडे थोडे येत राहिले तर दूषित काहीतरी अजूनही पोटात जातंय. आजारी बहुतेक सगळे एकाच टाकीवरच्या दोन इमारतींतले. तिथल्या नळाच्या पाण्यात ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या रसायनाचे, थेंब टाकले, पिवळा रंग आलाच नाही; पाण्यात क्लोरीनच नव्हतं. जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला तडा होता आणि शेजारीच ड्रेनेजचं चेंबर. तोवर सोसायटीनं आचाऱ्याचे पैसे अडवून ठेवले होते.

१८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीची (कॉलराची) साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरनं मेलेल्यांइतकंच वाचलेल्यांकडेही लक्ष दिलं. साथ पसरली होती तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून. त्या पंपाजवळच्याच बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले होते, कारण ते त्या पंपाचं पाणी पीत नव्हते.

दुसरी चूक याच्याच पोटातली. 'बी विंगमध्ये जास्त पेशंट आहेत.' असतील, पण तिथे राहतात किती? समजा, ए विंगमध्ये २०० माणसांत १० आजारी आणि बी विंगमध्ये ४०० माणसांत १६. ओरड बी विंगची होणार, पण तिथलं प्रमाण ४ टक्के आणि ए विंगचं ५. माझ्या वहीत राहणाऱ्यांचा रकाना आधी आखला जातो, आजाऱ्यांचा नंतर. ज्यांना हे वेळखाऊ वाटतं त्यांनी या कामात पडू नये.

पेशंट कोणाला म्हणायचं हे आधी लिहून ठेवा: चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ जुलाब. नाहीतर पोटात नुसतं गुडगुडलेलेही यादीत येतात.

शौचाचा नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक नको. जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला. औषध आधी पोटात गेलं की जंतू हाती लागणं अवघड.

टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) ओतून लगेच पंप सुरू करू नका. निदान अर्धा तास थांबा, आणि ओटी टेस्ट सगळ्यात लांबच्या नळावर करा. टाकीजवळच्या नळावर पिवळा रंग दिसला म्हणून भागत नाही.

आता धूरफवारणी. डेंग्यूचा एक पेशंट निघाला की चेअरमन धूरगाडीसाठी फोन लावतात, कारण धूर दिसतो आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. धुरानं मरतात ते उडते डास. कुंडीखालच्या ताटलीतल्या, फ्रिजमागच्या ट्रेमधल्या, गच्चीवरच्या टायरमधल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्या-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास चावतो दिवसा, वाढतो साठलेल्या स्वच्छ पाण्यात. आणि नुसतं पाणी ओतून देणाऱ्यांनाही सांगते: त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून कोरडा दिवस पाळायचा तर काथ्या घेऊन कडा घासायच्या. मी रविवारी सकाळी घासते, आणि पेशंट कमी झाले तरी दिवाळीपर्यंत एकही रविवार सोडत नाही.